उन्हाळ्यात कोणती प्रदर्शने पाहावीत? आधी कलाकृतीचा शेजार पाहा

प्रश्न थोडक्यात असा: "उन्हाळ्यात दहा-बारा दिवस मोकळे काढून कला आणि डिझाइनची प्रदर्शने पाहायची आहेत. आम्ही दोघेही कलाकार नाही, पण पाहायची आवड आहे. याद्या वाचल्या की गोंधळ वाढतोच. कुठे जावे आणि निवड कशी करावी?"

मी सव्वीस वर्षे प्रदर्शनांच्या मांडणीचे काम करतो. भिंत कुठे उभी करायची, कोणते चित्र कोणाशेजारी टांगायचे, दिवा किती वळवायचा, हे माझे रोजचे काम. तेव्हा उत्तरही मांडणीच्या बाजूनेच देतो. उन्हाळा म्हणजे इथे उत्तर गोलार्धातला जून ते सप्टेंबर धरला आहे, कारण जगातली मोठी उघड्यावरची प्रदर्शने बहुतेक याच काळात भरतात.

सुरुवात एका जुन्या प्रसंगापासून करतो. १८३२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनात जॉन कॉन्स्टेबल आणि जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांची चित्रे शेजारी शेजारी लागली होती. कॉन्स्टेबलचे चित्र वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचे. त्यावर तो दहा वर्षांहून अधिक काळ काम करत होता आणि झेंडे, नौका, लाल-सोनेरी रंग यांनी ते गजबजलेले होते. टर्नरच्या चित्रात करडा समुद्र, ठळक रंग कुठेच नाही. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रकारांना शेवटचा हात फिरवायची मुभा असे. कॉन्स्टेबल आपल्या झेंड्यांत रंग भरत असताना टर्नर त्याच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही चित्रांकडे आळीपाळीने पाहिले, दुसऱ्या दालनातून आपली रंगपाटी आणली, करड्या समुद्रावर नाण्याहून थोडा मोठा असा शेंदराचा एकच गोल ठिपका ठेवला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. त्या एका ठिपक्यापुढे कॉन्स्टेबलचे सगळे लाल रंग फिके पडले. नंतर टर्नर परत आला आणि त्या ठिपक्याला त्याने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला.

नवा सहकारी कामावर आला की पहिल्याच आठवड्यात मी त्याला हा प्रसंग सांगतो. कॉन्स्टेबलच्या चित्रावर कोणी कुंचला लावला नव्हता, तरी ते बदलले होते. चित्र भिंतीवर एकटे नसते, त्याला शेजार असतो. शेजारचे चित्र, भिंतीचा रंग, खिडकीतून येणारे ऊन, समोरचे झाड, खालची जमीन, हा सगळा त्याचा शेजार. चित्राचे छायाचित्र फोनवर दिसते. शेजार मात्र तिथे जाऊनच दिसतो. म्हणून उन्हाळ्यासाठी माझी निवडीची कसोटी एकच आहे: या कलाकृतीचा शेजार दुसरीकडे नेता येईल का? येत असेल, तर ते प्रदर्शन फिरतीवर निघेल, पुन्हा कुठेतरी गाठता येईल. येत नसेल, तर उन्हाळ्याचे दिवस त्याला द्या.

या कसोटीवर माझ्या मते सगळ्यात वर येते ते जर्मनीतले म्युन्स्टर. 'स्कल्प्टूर प्रोयेक्टे' हे तिथले शिल्पप्रदर्शन दहा वर्षांतून एकदाच भरते: १९७७, ८७, ९७, २००७, २०१७, आणि आता २०२७. जॉर्ज रिकी या शिल्पकाराचे वाऱ्यावर फिरणारे एक अमूर्त शिल्प शहरात बसवण्यावरून नागरिकांनी मोठा विरोध केला होता, त्या वादातून हे प्रदर्शन जन्मले. क्लाउस बुसमान आणि कास्पर क्योनिग यांनी ठरवले की लोकांना आधुनिक शिल्प कळत नसेल, तर शिल्पकारांनाच शहरात बोलवावे, जागा त्यांनी स्वतः निवडावी आणि त्या जागेसाठीच काम करावे. प्रवेशद्वार नाही, तिकीट नाही. सायकल घ्यायची, नकाशा घ्यायचा आणि शहरभर शोधत हिंडायचे.

शोधत हिंडणे हाच तिथला गाभा आहे. २०१७ मध्ये आयशे एर्कमेन यांनी तिथल्या बंदरात पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली एक वाट बांधली होती. या काठावरून त्या काठावर लोक घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जात आणि लांबून पाहणाऱ्याला ते पाण्यावरून चालताना दिसत. अनोळखी माणसे चपला हातात घेऊन एकमेकांना वाट देत होती. हे काम दालनात आणता आले नसते. प्रदर्शन संपल्यावरही काही कामे शहरातच राहतात, म्हणून दहा वर्षे थांबायची गरज नाही. आ नावाच्या तळ्याकाठी क्लेस ओल्डनबर्गचे १९७७ चे तीन प्रचंड काँक्रीटचे गोळे आहेत. कोणीतरी राक्षस बिलियर्ड खेळता खेळता उठून गेला असावा तसे. तिथेच इल्या काबाकोव्हचे १९९७ चे काम आहे. उंच खांबावर अँटेनासारखी रचना आणि तिच्या बारीक तारांमध्ये अक्षरे. गवतावर उताणे पडल्याशिवाय ती वाचता येत नाहीत, आणि वाचायला लागलो की अक्षरांमागे फक्त आकाश. ढगाळ दिवशी ती अक्षरे वेगळी वाचली जातात, निरभ्र दिवशी वेगळी. ब्रूस नाउमनने १९७७ साठी सुचवलेला उलट्या पिरॅमिडसारखा पांढऱ्या काँक्रीटचा चौरस खड्डा प्रत्यक्षात झाला २००७ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी. त्याच्याकडे शेवटी पुन्हा येतो.

दर दहा वर्षांनी म्युन्स्टरच्या उन्हाळ्यात कासेल या जर्मन शहरातले 'डॉक्युमेंटा' हे मोठे कलाप्रदर्शनही असते, कारण ते दर पाच वर्षांनी भरते. १९५५ मध्ये आर्नोल्ड बोडे यांनी ते सुरू केले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरात त्या वर्षी राष्ट्रीय उद्यानप्रदर्शन भरले होते, त्याच्या जोडीने. नाझी राजवटीने ज्या कलेला 'अधःपतित' ठरवले होते ती जर्मन लोकांसमोर पुन्हा आणणे, हा हेतू होता. ते १०० दिवस चालते. सोळावे डॉक्युमेंटा १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ असे आहे आणि त्याची धुरा नाओमी बेकविथ यांच्याकडे आहे. कासेल दिसायला देखणे शहर नाही, पण म्हणूनच तिथे डोळा विचलित होत नाही.

कासेलला गेलात तर दोन जुनी कामे चुकवू नका. फ्रीडरिक्सप्लाट्झ या चौकात जमिनीत पितळेची एक गोल चकती दिसेल, जेमतेम ५ सेंटिमीटर व्यासाची. लोक तिच्यावरून चालत जातात. ते वॉल्टर डी मारिया यांचे १९७७ चे काम आहे: एक किलोमीटर लांबीचा पितळी दांडा सरळ जमिनीत उतरवलेला, वर फक्त त्याचे टोक. बाकी सगळे तुम्ही मनात पाहायचे. दुसरे जोसेफ बॉइसचे. १९८२ मध्ये त्याने सात हजार झाडे लावायचे ठरवले, प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक दगड. दगडांचा ढीग संग्रहालयासमोर रचला होता आणि झाड लागेल तसा तो कमी होत जायचा. १९८६ मध्ये बॉइस गेला. शेवटचे झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावले. लावताना दगड रोपापेक्षा मोठा वाटे. आता झाडे तीन-चार मजली झाली आहेत आणि दगड बुंध्याशी टेकून उभे असल्यासारखे दिसतात. शेजार वाढतो, वय धरतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळले आणि त्यानंतर माझे काम बदलले. मी चित्राच्या चौकटीइतकाच भिंतीचा आणि समोरच्या मोकळ्या जागेचा विचार करायला लागलो.

व्हेनिसबद्दल सगळेच सांगतील, तरी मी वेगळे काही सांगतो. बिएनाले हे तिथले द्वैवार्षिक प्रदर्शन १८९५ पासून आहे. सध्या सम वर्षी कला आणि विषम वर्षी वास्तुकला असा क्रम आहे. २०२६ चे कलाप्रदर्शन ९ मे ते २२ नोव्हेंबर असे आहे. कोयो कुओह यांनी त्याची आखणी केली होती. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्याच आराखड्यानुसार ते पूर्ण करायचे ठरले. तेवढ्यासाठीही ते पाहण्यासारखे आहे. मुख्य जागा दोन: जार्दिनी ही बाग, जिथे देशोदेशींची कायमची दालने आहेत, आणि आर्सेनाले ही जुनी गोदी, जिथे दोरखंड वळायच्या ३०० मीटरहून लांब इमारतीत प्रदर्शन एका रांगेत उलगडते. दोन्ही एका दिवसात करू नका. दोघांना एकेक पूर्ण दिवस द्या, आणि आर्सेनाले सकाळी, कारण त्या लांबलचक इमारतीत दुपारनंतर पाय बोलायला लागतात.

जार्दिनीत आत काय ठेवले आहे ते पाहण्याआधी इमारतीकडे पाहा. नॉर्डिक देशांचे दालन स्वेर फेन यांनी १९६२ मध्ये बांधले तेव्हा जागेवरची झाडे तोडली नाहीत; ती छपरातून वर गेली आहेत. काँक्रीटच्या पातळ, खोल तुळया एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवल्यामुळे भूमध्य सागराकडचे प्रखर ऊन गाळून आत येते आणि सावली पडत नाही. उत्तरेकडचा उजेड दक्षिणेत तयार केला आहे. भर दुपारी पाच मिनिटे आत उभे राहा, मग बाहेर या, मग पुन्हा आत जा. उजेड हाही बांधायचा पदार्थ आहे हे त्या दोन फेऱ्यांत उमगते. जर्मनीच्या दालनाला १९३८ मध्ये नाझी राजवटीने आजचे रूप दिले. १९९३ मध्ये हान्स हाके या कलावंताने त्याची संगमरवरी फरशीच फोडली आणि प्रेक्षकांना त्या तुकड्यांवरून चालायला लावले. पावलागणिक दगड करकरत. इमारत हा किती बोलका शेजार असतो, याचे याहून थेट उदाहरण मला ठाऊक नाही. बागेत जागा नसलेल्या देशांची दालने शहरातल्या जुन्या वाड्यांत आणि चर्चमध्ये विखुरलेली असतात, त्यांतल्या बहुतेकांना तिकीट लागत नाही आणि गर्दीही कमी असते. तिसरा दिवस त्यांना द्या.

चर्चवरून आठवले. छायाचित्रे आवडत असतील तर दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला जा. तिथला छायाचित्रमहोत्सव १९७० पासून आहे, जुलैत सुरू होतो आणि उन्हाळाभर चालतो. छायाचित्रे जुन्या चर्चमध्ये, मठांच्या ओवऱ्यांत, रेल्वेच्या जुन्या कारखान्यांच्या परिसरात लावलेली असतात. पांढऱ्या गुळगुळीत भिंतीवर छायाचित्र चटकन वाचून होते. शतकानुशतके झिजलेल्या दगडापुढे ते वेळ मागते.

आता जपान. वेळ आणि ताकद असेल तर हा प्रवास करा, कारण इथे शेजाराचा विचार सगळ्यात खोलवर गेला आहे. निइगाता प्रांतातला एचिगो-त्सुमारी हा डोंगराळ, प्रचंड बर्फाचा भाग. तरुण शहरांकडे गेले, शाळा बंद पडल्या, घरे रिकामी झाली. २००० मध्ये फ्राम किटागावा यांच्या पुढाकाराने तिथे त्रैवार्षिक कलामहोत्सव सुरू झाला. सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या परिसरात कामे पसरली आहेत, म्हणजे एका कामाकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत गाव, ओढा, शेत लागतेच. ते मुद्दाम तसे केले आहे. इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह यांनी डोंगरउतारावरच्या भाताच्या पायऱ्यांवर शेतकऱ्यांच्या रंगीत आकृत्या उभ्या केल्या आणि समोरच्या सज्जात शब्द टांगले. ठरलेल्या जागी उभे राहिले की नांगरणीपासूनच्या कामांविषयीचे शब्द त्या आकृत्यांवर येऊन बसतात. चित्र, कविता आणि चालू शेत एकाच नजरेत. क्रिस्तियाँ बोल्तान्स्की आणि जाँ काल्मान यांनी एक बंद पडलेली शाळाच कलाकृती केली आहे: अंधार, मिणमिणते दिवे, पंखे, हृदयाचे ठोके. तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ कोणी बोलत नाही.

सेटो सागरातल्या बेटांवरचा त्रैवार्षिक महोत्सव २०१० पासून आहे, पण त्याच्या वर्षांची वाट पाहू नका, कारण तिथली संग्रहालये एरवीही उघडी असतात. नाओशिमा बेटावरचे चिचू संग्रहालय तादाओ आंदो यांनी २००४ मध्ये जवळजवळ पूर्ण जमिनीखाली बांधले. चित्रकार मोनेची कमळांची चित्रे तिथे फक्त नैसर्गिक उजेडात दिसतात; ढग आला की चित्र मंदावते. यायोई कुसामा यांचा धक्क्यावरचा पिवळा भोपळा ऑगस्ट २०२१ मध्ये वादळाने समुद्रात ओढून नेला आणि पुढच्या वर्षी नव्याने बसवला गेला. समुद्राचा शेजार पत्करला की हे आलेच.

पण मला सांगायचे आहे ते तेशिमा बेटावरच्या संग्रहालयाबद्दल. त्याला संग्रहालय म्हणतात, आत मात्र वस्तू नाही. रियुए निशिझावा यांनी २०१० मध्ये पाण्याच्या थेंबासारखे एक काँक्रीटचे कवच बांधले: साधारण ४० बाय ६० मीटर, मध्ये एकही खांब नाही, कवचाची जाडी २५ सेंटिमीटर, आणि छताला दोन मोठी लंबवर्तुळाकार भोके. त्यांतून वारा, पाऊस, पक्ष्यांचे आवाज सरळ आत येतात. आतले काम रेई नाइतो यांचे. जमिनीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून पाण्याचे थेंब वर येतात, थोडे थरथरतात, एकमेकांत मिसळतात आणि उताराने पळत जातात. सकाळी काही थेंब असतात, संध्याकाळपर्यंत त्यांचे छोटे तळे होते. चपला काढून आत जायचे, बोलायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही. मी तिथे अर्धा तास बसायचे ठरवून गेलो होतो आणि बंद व्हायच्या वेळेला उठलो. आयुष्यभर मी वस्तूंची मांडणी करत आलो. तिथे मांडणीच वस्तू झाली होती. एक सावधगिरी: बेटांवरची संग्रहालये आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात, होड्यांचे वेळापत्रक ऋतूनुसार बदलते आणि काही ठिकाणी वेळ आधी राखून ठेवावी लागते. आधी होड्या पाहा, मग तारखा ठरवा.

वास्तुकलेत रस असेल तर लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधला सर्पंटाइन मंडप. २००० मध्ये झाहा हदीद यांनी तिथे एका समारंभापुरती रचना उभी केली, ती लोकांना इतकी आवडली की उन्हाळाभर ठेवली आणि मग दर उन्हाळ्यात नवा मंडप ही रीत झाली. इंग्लंडमध्ये आधी इमारत न बांधलेल्या वास्तुकाराला बोलवायचे, काही महिन्यांसाठी बांधायचे, शरदात उतरवायचे. प्रवेश मोफत. २०१२ मध्ये हर्झोग आणि द म्युरॉन यांनी आय वेवेई यांच्यासोबत जमिनीत खणले, आधीच्या मंडपांच्या पायांच्या खुणा शोधल्या आणि त्या खुणांवरूनच नव्या मंडपाची रचना काढली. २०२५ चा मंडप बांगलादेशच्या मरीना तबस्सुम यांचा होता, लाकडी, मधोमध गिंको वृक्ष, आणि एक भाग सरकून दुसऱ्याला जोडला जाणारा. अशा मंडपात दोनदा जा: एकदा भर उन्हात, एकदा संध्याकाळी किंवा पावसात. पाऊस पडला तर परत फिरू नका. छप्पर खरे काय करते ते तेव्हाच दिसते.

रॉयल अकॅडमीचे ते उन्हाळी प्रदर्शन आजही भरते, १७६९ पासून एकही वर्ष न चुकता. कोणीही आपले काम पाठवू शकतो. निवडलेली हजाराहून अधिक कामे छतापर्यंत खेटून लावलेली असतात, नामवंत आणि पूर्णपणे अपरिचित शेजारी शेजारी. सगळे पाहायचा प्रयत्न केलात तर डोके दुखेल. एक भिंत निवडा, तिच्यासमोर बसा आणि फक्त एवढेच पाहा की कोणते चित्र शेजाऱ्याला उचलून धरते आणि कोणते मारते. मांडणी शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

डिझाइनसाठी माझी शिफारस एकच आहे आणि ती ठाम आहे: जर्मनीच्या टोकाला, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला लागून असलेले वाइल आम राइन हे गाव. फ्रँक गेरी यांचे व्हित्रा डिझाइन संग्रहालय (१९८९), झाहा हदीद यांचे अग्निशमन केंद्र (१९९३), आंदो यांचा परिषद मंडप, पीट आउडोल्फ यांची बाग आणि २०१६ मध्ये उघडलेले शाउडेपो हे कोठार एकाच आवारात आहेत. कोठारात चारशेहून अधिक खुर्च्या आणि इतर फर्निचर मोठ्या मांडण्यांवर एकत्र लावले आहे, वाकवलेल्या लाकडाच्या सुरुवातीच्या खुर्च्यांपासून आजच्या थ्रीडी छपाईच्या प्लॅस्टिकपर्यंत. बसायला परवानगी नाही, ही डिझाइन प्रदर्शनाची कायमची अडचण. त्यावर माझा उपाय असा: खुर्ची समोरून पाहू नका. खाली वाका, सांधे पाहा. ती कशी जोडली आहे, कशी सुटी होते, एकीवर एक रचता येते का, हे विचारा. थोनेतची १८५९ ची १४ क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांची बनली होती आणि एक घनमीटर खोक्यात सुट्या ३६ खुर्च्या मावत. हे कळल्यावर तिची ती सुंदर वळणे जहाजाच्या पोटातल्या जागेशी जोडलेली दिसतात. इथून बाझेलजवळच्या फाउंडेशन बायलर या कलासंग्रहालयापर्यंत टोबियास रेबर्गर यांनी २४ थांब्यांची पायवाट आखली आहे, द्राक्षमळ्यांतून आणि देशाची सीमा ओलांडून जाणारी. सुमारे पाच किलोमीटर. ती चालतच जा. जूनमध्ये बाझेलला मोठी कलाबाजारपेठही भरते. 'आर्ट बाझेल' १९७० पासून आहे. तिथल्या अजस्र कामांच्या 'अनलिमिटेड' विभागासाठी अर्धा दिवस पुरे. बाकी तो बाजार आहे, आणि बाजारात शेजार भाड्याच्या जागेने ठरतो.

मृत चित्रकारांची चित्रे भिंतींवर प्रोजेक्टरने फिरवणाऱ्या खेळांबद्दल नेहमी विचारणा होते. मी जा म्हणणार नाही. रंगाचा थर नाही, कापडाचा पोत नाही, खरा आकार नाही. तेवढा वेळ एका लहान गावातल्या संग्रहालयात एका खऱ्या चित्रासमोर घालवा.

बंद दालनातल्या उन्हाळी प्रदर्शनांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. जलरंग, रेखाटने, जुनी छायाचित्रे, वस्त्रे यांच्यासाठी आम्ही उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) ठेवतो, कारण उजेडाने झालेली हानी भरून निघत नाही. तैलचित्रांना २०० च्या आसपास चालतो. बाहेर उन्हाळ्याच्या दुपारी एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. म्हणजे दारातून आत येताना तुम्ही दोन हजार पट अंधारात येता. डोळ्यांना जुळवून घ्यायला काही मिनिटे लागतात आणि तोवर "किती अंधार करून ठेवलाय" म्हणत लोक पहिले दालन ओलांडून जातात. पहिल्याच दालनात क्युरेटरने बहुधा सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठेवलेली असते. तेव्हा आत आल्यावर आधी बसा, सहा-सात मिनिटे, फोन बंद ठेवून. अशी नाजूक कामे तीन-चार महिन्यांनी उतरवून पुढे कित्येक वर्षे कोठारात विश्रांतीला ठेवतात, म्हणून कपड्यांचे किंवा रेखाटनांचे प्रदर्शन दिसले तर ते 'पुढच्या वेळी' वर ढकलू नका. दालने थंड ठेवलेली असतात. अंगावर घ्यायला काहीतरी हवे.

थकव्याचेही तसेच. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच 'संग्रहालयाचा थकवा' यावर लिहिले. कपाटातल्या वस्तू पाहताना माणसाला किती वाकावे, ताणावे लागते याची छायाचित्रे त्यांनी दिली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका पाहणीत लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबतात असे आढळले, त्यात नावपट्टी वाचणेही आले. मी दोष देत नाही; शंभर चित्रे पाहायची ठरवली की एवढेच उरते. एका दिवशी एकच मोठे ठिकाण, तिथे दोन तास, मग बाहेर. आत गेल्यावर आधी सगळीकडून एक झपाट्याची फेरी मारा, आणि ज्या तीन कामांनी पाय अडवले त्यांच्याकडेच परत या. आधी पाहा, मग पाटी वाचा, मग पुन्हा पाहा.

कधी जावे? उघडल्यानंतर आठवडा-दोन आठवडे सोडून, पण प्रदर्शनाच्या पहिल्या एक-तृतीयांश काळात. उघडतानाची गर्दी ओसरलेली असते आणि हलणारी, वाजणारी, पाणी वाहणारी कामे अजून धडधाकट असतात. शेवटच्या आठवड्यात कामे हलवणाऱ्या विजेच्या मोटर जळालेल्या, गवत तुडवलेले आणि काही कामांवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी असते. ती पाटी मी स्वतः लावत आलो आहे. सोमवारी बरीच ठिकाणे बंद असतात. २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व्हर्मीरची २८ चित्रे एकत्र आली होती, त्याची तिकिटे प्रदर्शन उघडताच काही दिवसांत संपली. असे काही हवे असेल तर आधी तिकीट, मग प्रवासाचे बाकी. आणि काही कामे तर इतकी थोडी टिकतात की थांबलात की गेलीच: क्रिस्तो यांनी २०१६ मध्ये इटलीतल्या इझेओ तळ्यावर तीन किलोमीटरची पिवळी तरंगती वाट अंथरली होती, फक्त १६ दिवस. सुमारे बारा लाख माणसे तिच्यावरून चालली आणि मग ती वाट उचलून मोडीत काढली.

प्रवास फार नको असेल तर एकच शिल्पोद्यान निवडून दिवसभर राहा. डेन्मार्कमधले लुईझियाना (१९५८) मला सर्वांत जवळचे. काचेच्या बोळांतून चालताना एका बाजूला शिल्पकार जाकोमेत्तीच्या काटकुळ्या आकृत्या आणि त्यांच्यामागे तळ्याचे हिरवे पाणी. इंग्लंडमधले यॉर्कशर शिल्पोद्यान किंवा न्यूयॉर्कच्या उत्तरेचे स्टॉर्म किंग, दोन्ही सुमारे ५०० एकरांची, तीही तशीच. स्टॉर्म किंगला माया लिन यांच्या गवताच्या लाटांमध्ये उभे राहिलात की माणसाहून उंच हिरव्या लाटेपलीकडचे काहीच दिसत नाही.

तुमच्या बारा दिवसांचे मी असे करीन. २०२६ असेल तर तीन दिवस व्हेनिस, एक दिवस मोकळा, मग बाझेल-वाइलला तीन, शेवटी आर्लला तीन. उरलेले दोन प्रवासात जातील. २०२७ जमत असेल तर चार दिवस कासेल, तीन म्युन्स्टर, तीन बाझेल-वाइल, एक दिवस प्रवासाचा, एक पूर्ण रिकामा. म्युन्स्टरला पोहोचलात की पहिल्याच संध्याकाळी नाउमनच्या त्या खड्ड्याकडे जा. प्रत्येक बाजू २५ मीटर, मध्यावर सुमारे २.३ मीटर खोल. चालत आत उतरा आणि मधोमध उभे राहा. कडा डोळ्यांच्या वर जातात, आजूबाजूची जमीन नाहीशी होते आणि वरचे आकाश मोठे होते. दोघांनी एकेकट्याने उतरा, दुसऱ्याने कडेवर उभे राहून पाहा, आणि मग जागा बदला.